कामावर हात गेला, रस्त्यात गाडीने उडवलं : बदललेल्या कायद्यात कोणता कागद कधी करायचा

२१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ जुने कामगार कायदे त्यांच्यात सामावले गेले. १९२३ चा अपघात भरपाईचा कायदा, १९४८ चे कारखाने आणि ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा) कायदे, सगळे त्यातच आले. त्याच वर्षी मे महिन्यात रस्ते अपघातातल्या जखमींसाठी दीड लाखांपर्यंतच्या कॅशलेस उपचारांची योजना आली. जुलैत कामावर जाता-येता होणाऱ्या अपघाताबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा मोठा निकाल लागला आणि नोव्हेंबरमध्ये वाहन अपघाताच्या दाव्याच्या मुदतीबद्दल आदेश झाला.

सोलापुरात पूर्व भागातली घरं मागावर आणि विडीवर चालतात, हंगाम सुरू झाला की रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी भरतात. अशा गावात या बदलांची चर्चा वकिलांच्या आणि कर सल्लागारांच्या ऑफिसातच राहणं बरं नाही. भरपाईचं प्रकरण कोर्टात उभं राहण्याआधीच, पहिल्या आठवड्यात, दवाखान्याच्या केसपेपरवर आणि कारखान्याच्या हजेरीवहीत बरंचसं ठरून गेलेलं असतं. म्हणून कायद्याची कलमं सांगत बसण्यापेक्षा कोणाला कोणता कागद कधी लागतो, ते इथे सांगतो.

'आपली शेड छोटी, आपल्याला काही लागू नाही'

कारखानदार मंडळींत सध्या हा गैरसमज जोरात आहे. नव्या संहितेत 'कारखाना' ठरण्यासाठी विजेवर चालणाऱ्या जागेत २० कामगार लागतात, विजेशिवाय ४०. पूर्वी हे आकडे १० आणि २० होते. १२-१५ माणसांवर माग चालवणाऱ्या अनेकांनी यावरून 'आपण सुटलो' असा अर्थ काढला. सुटका झाली असेल तर ती अर्धीच आहे. १० किंवा जास्त कामगार असले की ती जागा 'आस्थापना' ठरते आणि लेखी नेमणूक पत्र, धोक्याविना काम करता येईल अशी जागा आणि यंत्रं, ही जबाबदारी आस्थापनेच्या मालकावर टाकलेली आहे. ईएसआयलाही १० चीच अट आहे. जिथे ईएसआय लागू होत नाही तिथे भरपाईचं प्रकरण मालकावर येतं आणि विणकामासारख्या उत्पादनाच्या कामात तिथे माणसं मोजत नाहीत. चार माग आणि तीन माणसं असली तरी अपघाताची भरपाई द्यावी लागते.

नेमणूक पत्राला मालक घाबरतात, कारण 'कागद दिला की कामगार कायम झाला' अशी समजूत आहे. पत्र नसेल तर काय होतं ते आधी बघा. अपघातानंतर कामगार म्हणतो आठवड्याला साडेचार हजार मिळायचे, मालक म्हणतो दोन हजार. दोघांकडेही कागद नाही. मग पीस मोजलेली वही, फोन पे-गुगल पेवर आलेले पैसे, शेजारच्या मागावरच्या माणसाची साक्ष यावर वर्षभर वाद चालतो. त्यात मालकाने विमा घेतलेला असेल तर विमा कंपनीही विचारते, की हा माणूस तुमच्याकडे कामाला होता याचा पुरावा काय. पत्रावर नाव, रुजू झाल्याची तारीख, काम (मागवाला, कांडीवाली, वार्पिंगवाला, जे असेल ते), पीसचा दर किंवा महिन्याचा पगार, कामाच्या वेळा आणि ईएसआय-पीएफ असेल तर त्यांचे नंबर, एवढं असलं तरी पुष्कळ झालं. दोन प्रती काढाव्यात, दोन्हींवर सह्या घ्याव्यात, एक कामगाराच्या घरी राहू द्यावी.

एका डोळ्याची, दोन बोटांची किंमत कशी ठरते

हा हिशोब प्रत्येक मागवाल्याला आणि प्रत्येक कारखानदाराला पाठ असायला हवा, म्हणून थोडा सविस्तर सांगतो.

कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं तर महिन्याच्या पगाराचे ६० टक्के गुणिले वयाचा गुणांक, आणि मृत्यू झाला तर ५० टक्के गुणिले तोच गुणांक. गुणांक कायद्याच्या परिशिष्टात दिलेले आहेत: वय २५ ला २१६.९१, ३० ला २०७.९८, ३५ ला १९७.०६, ४० ला १८४.१७, ४५ ला १६९.४४, ५० ला १५३.०९. वय जसं वाढतं तसा गुणांक उतरतो. पगार कितीही असला तरी हिशोबाला १५,००० पर्यंतच धरतात; ही मर्यादा ३ जानेवारी २०२० पासूनची आहे.

आता मागावर बसा. धोटा (मागावर आडवा धागा नेणारा भाग) उडून ३५ वर्षांच्या कामगाराच्या डोळ्याला लागला आणि एका डोळ्याची दृष्टी गेली. परिशिष्टात एका डोळ्याची दृष्टी जाणं, दुसरा डोळा चांगला असताना, ३० टक्के धरलेलं आहे. पगार १५,००० धरला तर त्याचे ६० टक्के ९,०००, गुणिले १९७.०६ म्हणजे १७,७३,५४०, आणि त्याचे ३० टक्के ५,३२,०६२ रुपये. त्याच माणसाचा पगार कागदावर ८,००० दाखवला असेल तर हीच रक्कम सुमारे २,८३,७६६ वर येते. पगार कमी दाखवल्याने एका डोळ्यामागे जवळपास अडीच लाखांचा फरक पडतो. कापड दाबून गुळगुळीत करणाऱ्या कॅलेंडर मशीनच्या रोलरमध्ये सापडून एका हाताची दोन बोटं गेली तर २० टक्के, म्हणजे १५,००० पगारावर ३,५४,७०८. अख्खा अंगठा गेला तर ३० टक्के.

परिशिष्टात नसलेल्या दुखापतीत डॉक्टर किती टक्के कमाईची क्षमता गेली ते ठरवतात, आणि इथे फार चुका होतात. अपंगत्वाचा दाखला शरीराचे टक्के सांगतो, भरपाई ठरते ती कमाईच्या क्षमतेवर. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून गेला, तेव्हा तो सुतारकाम करूच शकत नाही म्हणून १०० टक्के नुकसान धरावं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७० च्या दशकातच सांगून ठेवलं आहे. मागवाल्याच्या मनगटाची हालचाल थांबली आणि दाखल्यावर २५ टक्के लिहिलं, तरी 'हा माणूस पुन्हा माग चालवू शकेल का' हा प्रश्न डॉक्टरांना साक्षीत विचारायलाच हवा. तो विचारला नाही की २५ टक्क्यांवर बोळवण होते.

उपचाराचा खरा खर्च या रकमेपेक्षा वेगळा मिळतो. त्यासाठी बिलं मूळ लागतात. औषधाच्या दुकानातून साध्या चिठ्ठीवर आणलेल्या औषधाचा रुपयाही मिळत नाही. कामावर जाता येत नाही त्या काळात पगाराच्या २५ टक्के रक्कम दर पंधरवड्याला मिळते, म्हणजे महिन्याला साधारण अर्धा पगार. तीन दिवसांत बऱ्या होणाऱ्या किरकोळ दुखापतीला भरपाई नाही. दारू पिऊन काम केलं, किंवा मुद्दाम यंत्राचा गार्ड (संरक्षक झाकण) काढून टाकला, तरी मालक सुटू शकतो. मात्र मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर ही सबब चालत नाही. गार्ड कामगारानेच काढला हे सिद्ध करणं मालकाकडे असतं. ज्या शेडमध्ये गार्ड कोपऱ्यात धूळ खात पडलेले असतात तिथे ही सबब टिकत नाही.

मिटवामिटवी कोणाच्याच फायद्याची नाही

अपघात झाला की दोन दिवसांत मध्यस्थ येतो. पन्नास हजार, लाख रुपये रोख, स्टॅम्प पेपरवर 'पुढे काही मागणार नाही' असा मजकूर आणि अंगठा. हा कागद कायद्यापुढे टिकत नाही. हक्क सोडून देण्याचा करारच रद्दबातल ठरतो. एकरकमी तडजोड करायचीच असेल तर तिची नोंद सक्षम अधिकाऱ्याकडे करावी लागते. नोंद नसेल तर मालकाकडून पूर्ण रक्कम वसूल होऊ शकते. मृत्यूच्या प्रकरणात तर रक्कम अधिकाऱ्याकडेच जमा करायची असते. घरच्यांच्या हातात दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल तेवढी धरता येते. दयाळूपणे रोख देऊन मोकळा झालेला मालक दोन वर्षांनी पुन्हा पूर्ण रक्कम भरतो, तेव्हा त्याला आपल्यावर अन्याय झाल्यासारखं वाटतं. नोंद करून दिले असते तर तो वाचला असता आणि विधवेलाही वाट बघावी लागली नसती.

रक्कम देय झाल्यापासून महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज लागतं, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. विमा कंपनी भरपाई भरते, दंड भरत नाही. तो मालकाच्या खिशातून जातो. व्याजही पॉलिसीच्या अटीत वगळलेलं असू शकतं, म्हणून ती अट वाचूनच पॉलिसी घ्यावी. पॉलिसी घेताना आणखी दोन गोष्टी बघा: माणसांची संख्या आणि पगार खरे लिहिलेत का, आणि उपचाराचा खर्च त्यात आहे का. अनेक पॉलिसींत तो जादा हप्ता भरून घ्यावा लागतो.

कामगार ठेकेदाराचा असला तरी मुख्य मालक सुटत नाही. त्याच्याकडून रक्कम वसूल होते, मग त्याने ती ठेकेदाराकडून घ्यावी. दावा अपघाताच्या ठिकाणी, किंवा कामगार अथवा वारस राहतात तिथे करता येतो. मुदत दोन वर्षांची आहे. अपघाताची तारीख २१ नोव्हेंबर २०२५ च्या आधीची असेल तर जुना १९२३ चा कायदाच लागतो, अर्जात त्याच कायद्याचं नाव हवं.

१८ मे २०२५ ला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याच्या आगीत ८ जणांचा जीव गेला, त्यात लहान मूलही होतं. ती आग सोलापूर विसरलेलं नाही. त्या निमित्ताने एक गोष्ट प्रत्येक कारखानदाराने लक्षात घ्यावी: कारखान्याच्या आवारात राहणाऱ्या, पण कामगार नसलेल्या बायका-मुलांना ही कामगार भरपाई लागू होत नाही. त्यांच्यासाठी वेगळा दावा करावा लागतो आणि तो लांबतो. कच्चा सूत, तयार माल आणि झोपायची जागा एकाच छताखाली ठेवणं आजपासून थांबवावं. दुसरा जिना, दुसरं दार आणि रात्री आतून सहज उघडेल अशी कडी, एवढं तरी असायलाच हवं.

घरातून निघाल्यापासून

२९ जुलै २०२५ च्या निकालाची मुळं आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात आहेत. साखर कारखान्यातला वॉचमन पहाटे ३ ते सकाळी ११ च्या पाळीसाठी दुचाकीवरून निघाला आणि कारखान्यापासून सुमारे ५ किलोमीटरवर अपघातात गेला. ही घटना एप्रिल २००३ ची. भरपाई मंजूर झाली, पुढे उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. कामावर जाता-येता झालेला अपघात, वेळ, जागा आणि परिस्थितीचा कामाशी संबंध असेल तर, कामावरचाच धरायचा, हे न्यायालयाने सांगितलं. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत हीच गोष्ट थेट मजकुरातच आली आहे.

'संबंध असेल तर' या शब्दांवर पुढचे वाद होणार आहेत. पाळीची वेळ दाखवणारा कागद, घर ते कारखाना हा नेहमीचा रस्ता, आणि अपघाताची वेळ, या तिन्हींचा मेळ लागला पाहिजे. चिंचोळी एमआयडीसीत सातची पाळी असलेला माणूस साडेसहाला पुणे रस्त्यावर पडला तर मेळ लागतो. पाळी सुटल्यावर मित्राच्या लग्नाला जाऊन रात्री परतताना पडला तर लागत नाही. म्हणून पाळीचं वेळापत्रक भिंतीवर लावून त्याचा फोटो ग्रुपवर टाकत जा. मालकालाही खोट्या दाव्यापासून तोच कागद वाचवतो.

त्या वॉचमनचं प्रकरण भरपाईच्या कायद्याखाली चाललं, ईएसआयखाली नाही, यातही एक शिकण्यासारखं आहे. फक्त हंगामात साखर किंवा गूळ करणारा कारखाना ईएसआयमधून वगळलेला असतो. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने किती आहेत ते आपल्याला माहीत आहेच. तिथल्या हंगामी कामगाराने 'ईएसआय नाही म्हणजे काहीच नाही' असं समजू नये.

ज्याला ईएसआय लागू आहे, म्हणजे १० किंवा जास्त माणसांची आस्थापना आणि २१,००० पर्यंत पगार, त्याला मात्र मालकाकडे वेगळी भरपाई मागता येत नाही. सगळं ईएसआयकडून मिळतं. मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५. कामावरच्या दुखापतीला किती महिने वर्गणी भरली ते बघत नाहीत, पहिल्या दिवशी अपघात झाला तरी लाभ मिळतो. बरं होईपर्यंत सरासरी रोजाच्या ९० टक्के मिळतात, मृत्यू झाल्यास वारसांना दरमहा लाभ. गाडी अडते ती अपघातानंतर घाईने नाव चढवल्यावर. हजेरीवही, पगारपत्रक आणि नोंदणीची तारीख जुळत नाही, चौकशी लागते, कामगाराचे पैसे महिनोनमहिने अडकतात. नोंदणीच केली नसेल तर महामंडळ कामगाराला लाभ देऊन त्याची रक्कम मालकाकडून वसूल करू शकतं, अशी तरतूद संहितेत आहे. ३.२५ टक्के वाचवायला जाऊन ही वसुली अंगावर घेणं शहाणपणाचं नाही.

दवाखान्यात गेल्यावर पहिला केसपेपर लिहिताना 'कसं लागलं' हे विचारतात. पोलिसांची कटकट नको म्हणून बरोबर आलेला माणूस 'घरी पडला' असं सांगतो. पुढे भरपाईचा, ईएसआयचा, विम्याचा, प्रत्येक अर्ज या दोन शब्दांवर आपटतो. काय झालं, कुठे झालं, किती वाजता, हे खरं सांगा, आणि लिहिलेलं वाचून बघा. सिव्हिलमध्ये एमएलसी (पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची) नोंद होते, तिचा नंबर लगेच मोबाइलवर टिपून ठेवा.

रस्त्यावर

५ मे २०२५ ला अधिसूचित झालेल्या योजनेनुसार मोटार वाहनामुळे अपघातात सापडलेल्या कोणालाही, अपघाताच्या तारखेपासून ७ दिवसांपर्यंत, दीड लाखांपर्यंत कॅशलेस उपचार मिळू शकतात. चूक कोणाची, गाडीचा विमा आहे की नाही, जखमीकडे लायसन आहे की नाही, हे इथे विचारायचं नाही. योजनेत नसलेल्या रुग्णालयात मात्र फक्त प्रकृती स्थिर करण्यापुरते उपचार मिळतात. म्हणून ॲम्ब्युलन्समध्येच विचारा की कोणतं रुग्णालय योजनेत आहे. रुग्णालयात डिपॉझिट भरण्याआधी योजनेचं नाव घेऊन विचारा आणि पोलिसांना अपघाताची खबर गेली आहे याची खात्री करा, कारण अपघात खरा असल्याची खातरजमा त्यांच्याकडून होते.

जखमीला उचलून नेणाऱ्या माणसाला पोलीस नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत, त्याच्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही. गंभीर जखमीला पहिल्या तासात रुग्णालयात पोचवणाऱ्यासाठी 'राहवीर' योजनेत २५,००० रुपयांचं बक्षीसही आहे. बघ्यांनी व्हिडिओ काढत उभं राहण्याचं आता काही कारण उरलेलं नाही.

दाव्याकडे येऊ. वाहन कायद्यात १ एप्रिल २०२२ पासून दावा सहा महिन्यांत दाखल करण्याची मुदत पुन्हा आली. तिला आव्हान दिलेलं आहे, आणि मुदत संपली म्हणून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ ला, हे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणांना दिला. ज्यांची मुदत टळली आहे त्यांनी या आदेशाचा आधार घेऊन आताच दावा टाकावा. ज्यांची टळलेली नाही त्यांनी आदेशावर विसंबून बसू नये, अंतिम निकाल कसाही लागू शकतो. दोन वाटा आहेत. चूक सिद्ध न करता मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख, ही एक. चूक सिद्ध करून कमाई, वय, अवलंबून माणसं यांचा पूर्ण हिशोब मागायचा, ही दुसरी. तरुण कमावता माणूस गेला असेल तर पहिली वाट बहुतेक वेळा फार थोड्यावर सोडून देणं ठरतं. कामावरचा आणि रस्त्यावरचा असा एकच अपघात असेल तर कामगार भरपाई किंवा वाहन अपघात दावा, यांतला एकच निवडावा लागतो. निवडण्याआधी दोन्ही रकमा कागदावर मांडून बघा. दावा सोलापुरात, किंवा बार्शी, पंढरपूरच्या न्यायालयातही, तुम्ही राहता त्या हद्दीप्रमाणे करता येतो.

पोलिसांकडून काय मागायचं हे फार थोड्यांना ठाऊक आहे. ४८ तासांत पहिला अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम अहवाल, ९० दिवसांत सविस्तर अहवाल, हे तिन्ही न्यायाधिकरणाकडे जायला हवेत आणि प्रती जखमीला मिळायला हव्यात. गाडी आणि लायसनचे तपशील, विम्याची पॉलिसी, घटनास्थळाचा नकाशा त्यातच असतो. तपासी अंमलदाराकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

गाडी उडवून पळाली आणि सापडली नाही तर मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५०,००० मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयातल्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे. सोबत एफआयआरची प्रत, उपचाराचे कागद किंवा शवविच्छेदन अहवाल, ओळखपत्र, बँक पासबुक.

उसाच्या ट्रॉलीवर बसून जाणाऱ्या मजुरांची अवस्था सगळ्यांत वाईट. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामाचा, ट्रॉलीचा वेगळा विमाच नाही, आणि बसलेल्या माणसांचा हप्ता भरलेला नाही, म्हणून विमा कंपनी हात वर करते. ट्रॅक्टरमालकाने गाळप सुरू व्हायच्या आधी एजंटकडून तीन गोष्टी लेखी करून घ्याव्यात: ट्रॉलीचा नंबर पॉलिसीत आहे, भाड्याने ऊस वाहण्याचा वापर नमूद आहे, आणि मजुरांसाठी जादा हप्ता घेतला आहे. मागे लाल परावर्तक पट्टी नसेल तर रात्रीच्या धडकेत चुकीचा वाटा त्याच्याच माथी येतो.

जखमी किंवा मृत व्यक्ती शेतकरी कुटुंबातली असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून मृत्यूला २ लाख, एक हात, पाय किंवा डोळा गेल्यास १ लाख मिळतात. वय १० ते ७५. प्रस्ताव ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो, आणि दहाव्या-तेराव्याच्या गडबडीत हीच मुदत सगळ्यांत जास्त चुकते. सातबारा आणि गाव नमुना ६-क (वारसांची नोंद) गावातल्या कोणीतरी शहाण्या माणसाने पहिल्याच आठवड्यात तलाठ्याकडून काढून ठेवावा.